हातात नोकरी नाही आणि पुण्यात फॅमिलीसाठी घर भाड्यानं घ्यायचंय, तर आधी हे वाचून घ्या

पुण्यात भाड्याचं घर बघायला गेलं की एजंटचा पहिला प्रश्न असतो, "साहेब कुठं जॉबला आहेत?" ज्याच्याकडं याला उत्तर नाही त्याचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही परभणीहून पुण्यात आलो तेव्हा मिस्टरांची तिथली नोकरी गेलेली, इथली अजून मिळायची होती, दोन लेकरं सोबत, मोठी चौथीत जाणार आणि धाकटा पहिलीत, आणि सामान सगळं बांधून सासऱ्यांच्या ओसरीत ठेवलेलं की घर ठरलं की फोन करा, टेम्पो पाठवतो. तोवर दिराच्या कात्रजच्या वन आरकेमध्ये सहा माणसं. एकवीस दिवस असे काढले, अकरा घरांनी नाही म्हटलं, बाराव्यानं हो म्हटलं. आता दर वर्षी मे-जून आला की आमच्या भागातल्या कुणाचा तरी फोन येतो की ताई, आम्ही पण येतोय, जॉब अजून नाही, घराचं काय करायचं, आणि प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं असं खूप दिवस मनात होतं.

सगळ्यात आधी ही गोष्ट डोक्यात पक्की करा की मालक जॉब विचारतो तेव्हा त्याला तुमच्या जॉबशी काही घेणंदेणं नसतं. त्याच्या मनात दोनच प्रश्न असतात. एक, दर महिन्याला पाच तारखेला भाडं येईल का. दोन, मुदत संपल्यावर हे लोक घर सोडतील का. सॅलरी स्लिप हे पहिल्या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर आहे म्हणून तो ती मागतो, पण एकमेव उत्तर नाही. आम्ही पहिल्या अकरा घरी काय केलं, तर "जॉब बघणं चालू आहे, महिन्याभरात लागेल" एवढंच सांगत राहिलो. म्हणजे त्याच्या प्रश्नाला आम्ही आशा दाखवत होतो, कागद दाखवत नव्हतो. बाराव्या ठिकाणी कागद घेऊन गेलो.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते कारण तो आपल्या लक्षातच येत नाही. पुण्यातल्या मालकांना भाडेकरू घर सोडणार नाही याची जी धास्ती असते ती हवेतून आलेली नाही. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता, त्यात जुन्या भाडेकरूंना खूप मोठं संरक्षण होतं, भाडं जवळपास गोठलेलं आणि घर खाली करून घ्यायचं तर वर्षानुवर्षं कोर्टात. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या वाड्यांमध्ये चाळीस-पन्नास रुपये भाड्यात पिढ्या राहिल्या आणि मालकाला स्वतःच्या वाड्याचं कौल बदलायला भाड्यातून पैसे पुरत नव्हते, अशा गोष्टी इथल्या प्रत्येक जुन्या घरात ऐकायला मिळतात. आमचे घरमालक काका मूळचे पेठेतले, त्यांच्या वडलांच्या वाड्याचं असंच झालेलं. तेव्हा तुमच्याकडं बघताना त्यांच्या डोळ्यापुढं ते पण असतं, आणि नोकरी नसलेली फॅमिली म्हटल्यावर जास्तच, कारण लेकराबाळांच्या माणसाला बाहेर कसं काढायचं हा विचार त्यांनाही पडतो.

त्या भीतीवरचं उत्तर म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. आपण बोलताना भाडेकरार म्हणतो पण पुण्यात फ्लॅटसाठी जो करार होतो तो बहुतेक वेळा हाच असतो, आणि फरक समजून घेण्यासारखा आहे. भाडेपट्ट्यात भाडेकरूला त्या जागेत हक्क तयार होतो. लायसन्समध्ये मालक तुम्हाला ठरावीक मुदतीसाठी राहायची फक्त परवानगी देतो, जागेत हक्क काही येत नाही. मुदत संपली की निघायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याच्या कलम २४ मध्ये हे दिलंय की मुदत संपूनही लायसन्सवाला निघाला नाही तर मालक साध्या दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे यासाठीच सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, अर्ज करू शकतो, आणि तेवढ्या काळाची दुप्पट भाड्यानं भरपाई द्यावी लागते. ही गोष्ट मालकाला माहीत असेल असं समजू नका. मिस्टरांनी काकांना सांगितलं की काका, आपण रजिस्टर करार करू, अकरा महिन्यांचा, त्यात तुमची सेफ्टी आमच्यापेक्षा जास्त आहे. त्या एका वाक्यानं त्यांचा चेहरा बदललेला मी बघितला, कारण बिनजॉबचा माणूस स्वतःहून रजिस्टर कराराचं बोलतोय हे त्यांना नवीन होतं.

आता पहिला प्रश्न, भाडं येईल का. इथं तुमच्याकडं जे असेल ते सगळं एका फाईलमध्ये लावा. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ज्यात जुन्या नोकरीचा पगार जमा झालेला दिसतो आणि आता बॅलन्स किती आहे ते पण दिसतं. जुन्या कंपनीचं एक्सपिरियन्स लेटर किंवा रिलीव्हिंग लेटर. आधीच्या घरमालकाचा नंबर, आणि त्याला आधी फोन करून सांगून ठेवा की पुण्यातून असा-असा फोन येईल. एफडी असेल तर तिच्या पावतीची झेरॉक्स. गावाकडं शेती असेल तर सातबारा सुद्धा ठेवा, त्यानं भाडं येत नाही हे खरंय पण माणसाचा ठावठिकाणा कळतो, आणि पुण्यातल्या निम्म्या मालकांचं स्वतःचं मूळ गाव कुठंतरी आहेच, त्यांना सातबाऱ्याची भाषा कळते. बायको कमावती असेल, घरून ट्यूशन, शिवणकाम, ऑनलाइन काहीही असेल आणि ते पैसे खात्यात येत असतील तर तेही दाखवा. मी परभणीत ट्यूशन घेत होते, महिन्याला सहा-सात हजार यायचे, पण सगळे रोख, त्यामुळं दाखवायला काही नव्हतं. तिथून निघायच्या आधीच्या चार-सहा महिन्यांत असे पैसे खात्यातून फिरवले असते तर उपयोग झाला असता. जे अजून गावी आहेत त्यांनी हे आजपासून करा.

सगळ्यात जास्त उपयोग ज्याचा झाला ते म्हणजे दुसऱ्या माणसाचं नाव. माझ्या दिराला पुण्यातच पक्की नोकरी होती, करारात मिस्टरांसोबत त्याचंही नाव लायसन्सी म्हणून टाकलं. काही मालक फक्त हमीदार म्हणून सही घेतात. कुणाचे वडील पेन्शनर असतील तर त्यांची पेन्शन स्लिप चालते, पेन्शनवर मालकांचा पगारापेक्षा जास्त विश्वास असतो असा माझा अनुभव आहे. पण ज्याचं नाव टाकता त्याला नीट बसवून सांगा की आमचं भाडं चुकलं तर तुझ्याकडं मागतील. दीर-भाऊ आहे म्हणून सही घेऊन टाकली आणि नंतर घराघरांत वितुष्ट आलं, असं झालेलं मी दोन ठिकाणी बघितलंय.

आणि मग पैशाची ऑफर. मालक तयार होत नसेल तर दोन-तीन महिन्यांचं भाडं आगाऊ देतो असं म्हणता येतं, किंवा डिपॉझिट एका महिन्यानं वाढवून. यात मला विचाराल तर आगाऊ भाडं बरं, कारण ते वापरलं जातं, दर महिन्याला वळतं होतं. वाढीव डिपॉझिट मात्र घर सोडेपर्यंत अडकून राहतं आणि नोकरी नसताना हातातली रोकड हेच तुमचं सगळ्यात मोठं बळ असतं. जे द्याल ते बँकेतून द्या आणि करारात आकड्यासकट लिहून घ्या, रोख देऊन तोंडी ठरवलेलं कितीही चांगल्या माणसाशी असलं तरी वर्षभरानं दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

काही गोष्टी अजिबात करू नका. पुढच्या अकरा महिन्यांचे सही केलेले चेक आगाऊ देऊ नका. नोकरी असलेल्याचं ठीक आहे, पण तुमच्या खात्यात कधी किती असेल हे तुम्हालाच माहीत नाही, आणि चेक बाउन्स झाला तर तो नुसता उशीर राहत नाही, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खाली तो गुन्हा होऊ शकतो. एफडीची मूळ पावती, मूळ आधार, मूळ मार्कशीट कुणाच्या ताब्यात ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या आणि त्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करा. आणि खोटं ऑफर लेटर बनवू नका. आम्हाला एका एजंटनं हे सुचवलं होतं, दोन हजारात काम होईल म्हणाला. मिस्टर एवढे थकलेले होते की क्षणभर विचार केला त्यांनी. पण मालकानं त्या कंपनीत एक फोन लावला की संपलं, आणि खोटा कागद बनवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. खरं सांगून अकरा जण नाही म्हणाले ते परवडलं.

आता एकूण पैसे किती लागतात ते आधी कागदावर मांडा, कारण लोक फक्त भाडं धरतात. समजा भाडं १८ हजार ठरलं. पुण्यात फॅमिलीकडून दोन ते तीन महिन्यांचं डिपॉझिट घेतात, तीन धरले तर ५४ हजार. पहिल्या महिन्याचं भाडं १८. एजंट असेल तर त्याची ब्रोकरेज बहुतेक ठिकाणी एक महिन्याचं भाडं, म्हणजे आणखी १८, पण पंधरा दिवसांवर येतात, घासाघीस करा. कराराची स्टॅम्प ड्युटी मात्र लोकांना वाटते तेवढी नसते. एकूण मुदतीचं भाडं, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम मिळवायची, आणि त्या बेरजेच्या पाव टक्का. १८ हजार गुणिले ११ म्हणजे १ लाख ९८ हजार, डिपॉझिटवरचे साधारण ५ हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे पाचशेच्या थोडं वर. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत १००० रुपये. बाकी मग जो माणूस घरी येऊन अंगठे घेतो त्याचा चार्ज, तो वेगवेगळा असतो, दोन-तीन ठिकाणी विचारा. सगळं मिळून टेम्पो धरून लाखाच्या आसपास गेले. म्हणजे १८ हजारांच्या घरासाठी पहिल्याच आठवड्यात लाख रुपये, आणि ते गेल्यावर हातात किमान पाच-सहा महिन्यांचं भाडं आणि किराणा उरला पाहिजे. नसेल उरत तर भाडं कमी करा, टूबीएचकेचा हट्ट सोडा. आम्ही १८ चं बघत होतो आणि शेवटी नऱ्ह्यात ११ हजारांचं वन बीएचके घेतलं. चार माणसं नीट राहिलो त्यात.

आणि जमत असेल तर एकानं आधी येऊन महिनाभर पीजीत किंवा मित्राच्या रूमवर राहून घर बघा, सगळी फॅमिली घेऊन येऊन मग घर शोधू नका. घाईत असलेला माणूस मालकाला दिसतो आणि एजंटला त्याहून आधी दिसतो.

एरिया कुठला, तर नोकरीच नाही तर ती कुठं लागेल हे माहीत नसतं, आणि पुण्यात हिंजवडीला नोकरी लागून हडपसरला घर असलं तर माणूस दिवसाचे तीन-चार तास रस्त्यावर घालवतो. म्हणून पहिलं घर मधल्या भागात किंवा मेट्रोजवळ घेतलं तर सोयीचं. मेट्रोची एक लाईन पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटपर्यंत आणि दुसरी वनाजहून रामवाडीपर्यंत, दोन्ही शिवाजीनगरच्या सिव्हिल कोर्टाला एकमेकींना भेटतात, त्यामुळं दापोडी, कासारवाडी, बोपोडी असल्या भागात राहून दोन्हीकडं इंटरव्ह्यूला जाता येतं. मध्यात भाडं परवडत नाही म्हणून लोक धायरी, नऱ्हे, आंबेगाव, मांजरी, वाघोली, मोशीकडं जातात, आम्ही पण गेलो, पण तिकडं घर बघताना एक प्रश्न नक्की विचारा, पाणी कुठलं. महापालिकेचं येतं का बोअरचं आहे का टँकर, आणि टँकर असेल तर त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत का वेगळे. हे मालकाला विचारू नका, सोसायटीच्या वॉचमनला किंवा खालच्या किराणावाल्याला विचारा, आणि पावसाळ्यात घर बघत असाल तर एप्रिलमध्ये काय होतं असं विचारा. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात प्रत्येक फ्लॅटला टँकरचे महिन्याला सातशे-आठशे वेगळे द्यावे लागले, ते आम्ही बजेटमध्ये धरलेच नव्हते.

मेंटेनन्स कुणी भरायचा हेही आधीच बोला. साधारण मालकच सोसायटीला भरतो आणि भाड्यात धरतो, पण "भाडं प्लस मेंटेनन्स" म्हणाला तर आकडा विचारा. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी त्याच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि तो मालकाचा खर्च आहे, तुमचा नाही. तो तुमच्या बिलात आला तर विचारा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा लेख लिहायला बसले ती सांगते. नोकरी नसलेल्या माणसाची बाजू पडती असते, आणि पडत्या बाजूचा माणूस पहिली कुठली गोष्ट सोडून देत असेल तर कराराचं रजिस्ट्रेशन. मालक म्हणतो, तुम्हाला जॉब नाही तरी मी घर देतोय ना, मग कशाला तो खर्च, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेऊ. आणि आपण उपकार मानून हो म्हणतो. हे करू नका. अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही असं तुम्हाला दहा जण सांगतील. ते कुठून आलं, तर केंद्राच्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं आहे, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ वेगळं सांगतं. मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि रजिस्टर हवा, आणि तो करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नाही केला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. हे धमकी म्हणून सांगायचं नाही. "काका, कायद्यानं ही जबाबदारी तुमच्यावर टाकलीय, उद्या तुम्हाला त्रास नको, खर्च मी देतो" असं सांगायचं. आम्ही सगळा खर्च आम्हीच दिला आणि मला ते पैसे आजपर्यंत जड वाटले नाहीत.

कारण त्या कागदावर पुढचं सगळं उभं असतं. आधारचा पत्ता, बँकेचा पत्ता, गॅस, लेकरांची शाळा. विशेषतः आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालचं, २५ टक्के राखीव जागांतलं मोफत अ‍ॅडमिशन, जे नोकरी गेलेल्या घरासाठी केवढी मोठी मदत आहे. दुर्बल घटकातून भरायचं तर वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं, आणि भाड्यानं राहत असाल तर पत्त्याचा पुरावा म्हणून रजिस्टर झालेला करार लागतो, अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा, नोटरीचा चालत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताईंच्या लेकराचा नंबर लागला होता आणि पडताळणीत करार नोटरीचा निघाला म्हणून जागा गेली. त्या जिन्यात बसून रडत होत्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला हे सांगते, पहिल्यांदा सांगते.

करार आता ऑनलाइन होतो, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात रांग लावावी लागत नाही. एजंट ड्राफ्ट बनवतो, तो सगळ्यांना मोबाईलवर येतो, मग माणूस अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, आधारवरून ओळख पटते, काही दिवसांत पीडीएफ येते. तो ड्राफ्ट आला की अंगठा द्यायच्या आधी रात्री शांत बसून वाचा. मराठीत बनवून मागा, मिळतो. लॉक-इन पिरियड बघा, म्हणजे किती महिने सोडता येणार नाही. नोकरी नसलेल्यानं हा शक्यतो नकोच म्हणावं, किंवा दोन-तीन महिन्यांवर आणावा, कारण उद्या चाकणला किंवा नाशिकला जॉब लागला तर? नोटीस पिरियड एक महिना दोन्ही बाजूंनी सारखा आहे का बघा. डिपॉझिट घर सोडल्यावर किती दिवसांत परत मिळणार ते लिहिलंय का बघा. आणि पेंटिंग. पुण्यात घर सोडताना रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून सर्रास कापतात, कधी कधी अख्ख्या महिन्याचं भाडं. आकडा आधीच ठरवून लिहा, किंवा नेहमीच्या वापरानं झालेली झीज धरायची नाही असं लिहा. करार पुढं वाढवताना भाडं किती वाढणार हेही, साधारण पाच ते दहा टक्के म्हणतात, पाचवर आणायचा प्रयत्न करा.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, तेही मालकाचं काम आहे आणि ऑनलाइन होतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही २०१८ पासून दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, तेव्हा घर कुठल्या हद्दीत आहे ते बघून त्या साइटवर भरायचं. त्याची पावती स्वतःकडं पण ठेवा.

फसवणुकीबद्दल. ऑनलाइन फोटो सुंदर, भाडं एरियापेक्षा चार-पाच हजारांनी कमी, फोन केला तर समोरचा सांगतो की मी आर्मीत आहे किंवा सीआयएसएफमध्ये, माझी बदली झालीय, घराची चावी सोसायटीत आहे, पण आधी टोकन पाठवा म्हणजे गेटपास काढतो, आणि मग आयकार्डचा फोटो, क्यूआर कोड, "हा स्कॅन करा, पैसे परत येतील". पैसे यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे जाणारच. घर आतून बघितल्याशिवाय आणि मालकाला समोरासमोर भेटल्याशिवाय शंभर रुपयेसुद्धा पाठवू नका. झालंच असं काही तर १९३० या नंबरला लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता असते. दुसरा प्रकार म्हणजे समोरचा मालकच नसतो, भाडेकरूच मालक बनून डिपॉझिट घेतो. म्हणून लाईट बिल, प्रॉपर्टी टॅक्सची पावती आणि इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघायला मागा, तिन्हीवर एकच नाव आहे का आणि तेच नाव समोरच्याच्या आधारवर आहे का. खरा मालक यात राग मानत नाही. तुम्ही त्याला तुमची अख्खी फाईल दाखवताय, त्यानं तीन कागद दाखवायला काय हरकत असावी.

एक गोष्ट लिहायला जड जाते पण नाही लिहिली तर खोटं होईल. काही ठिकाणी जॉब हे नुसतं कारण असतं. आडनाव विचारलं जातं, मग गाव, मग "तुमच्यात चालतं का", म्हणजे मटण-मासे खाता का. आमच्या अकरातले निदान तीन नकार असे होते, ते आधी हो म्हणाले होते आणि आडनाव कळल्यावर घर "कालच गेलं". मुस्लिम मैत्रिणींना तर एजंट फोनवर नाव ऐकूनच सांगतात की त्या सोसायटीत होणार नाही. हे चूक आहे, फार चूक आहे, आणि घर शोधणाऱ्या माणसानं स्वतःला दोष देऊ नये एवढ्यासाठी लिहितेय. अशा घरी फाईल कितीही चांगली असली तरी चालत नाही, तिथं वेळ घालवू नका, पुढचं घर बघा. थेट मालकाशी बोलणं, आणि ओळखीतून जाणं, यात हा त्रास थोडा कमी होतो. आम्हाला बारावं घर असंच मिळालं, दिराच्या ऑफिसातल्या एकाचे सासरे.

घरात आल्यावर पहिल्या दिवशी लाईटच्या मीटरचा फोटो काढा, तारीख दिसेल असा, आणि पाइपचा गॅस असेल तर त्याच्याही मीटरचा. महावितरणच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून मागची थकबाकी ऑनलाइन बघता येते, ती मालकाकडून आधीच भरून घ्या. भिंतींवरची ओल, तुटलेली टाइल, नळ, गिझर, सगळ्याचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. गावाकडचं गॅस कनेक्शन ट्रान्सफर व्हायला दिवस लागतात, तोवर ५ किलोचा छोटा सिलेंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. रेशन कार्ड गावचं असलं तरी पुण्यात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं, वन नेशन वन रेशन कार्डमुळं, नाव इकडं आणायची घाई नको. आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेनं टीसी आल्याशिवाय बसवणार नाही म्हटलं तर शांतपणे सांगा की आरटीई कायद्याप्रमाणं आठवीपर्यंत टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. धाकट्याच्या वेळी मुख्याध्यापक बाई हे ऐकून म्हणाल्या, बसवा त्याला वर्गात, कागद नंतर बघू.

मिस्टरांना नोकरी ऑगस्टच्या शेवटी लागली, म्हणजे आल्यापासून साडेतीन महिने, "महिन्याभरात लागेल" म्हणत होतो त्याच्या साडेतीनपट. त्या काळात एकदा भाडं आठ दिवस लांबलं. आम्ही तारीख उलटायची वाट बघितली नाही, दोन तारखेलाच काकांना फोन केला की या वेळी तेरा तारखेला देते, आणि बाराला दिलं. ते "बरं" एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी करार परत करायच्या वेळी त्यांनी सॅलरी स्लिप मागितली नाही, मिस्टरांनी स्वतःच नेऊन दाखवली तर काकू म्हणाल्या, राहू दे रे, चहा घे आधी.